घासभर प्रसाद

बायपास करून घरी आल्यावर माझ्या भाऊजींनी पहिलं काम काय केलं, तर घरातले सगळे पडदे काढायला लावले. बैठकीतले, झोपायच्या खोलीतले, न्हाणीघराच्या दाराला अडकवलेला प्लॅस्टिकचा पडदासुद्धा. आम्हाला वाटलं, डॉक्टरांनी धुळीबद्दल काही सांगितलं असेल. ताईने मुकाट्याने पडदे उतरवले, धुतले, घड्या घालून पेटीत ठेवले. पुढे उन्हाळा आला, जबलपूरचं ऊन खिडकीतून थेट पलंगावर येऊन बसायला लागलं, तरी पडद्याचं नाव काढायची सोय नव्हती.

मी कुंदा, कुमुदताईची धाकटी बहीण. नवरा गेल्यापासून ताईच्याच घरी वरच्या खोलीत राहते. आयुष्यभर मुलींच्या शाळेत गणित शिकवलं. माझी जीभ तिखट आहे असं लोक म्हणतात. इतक्या वर्षांच्या उत्तरपत्रिका तपासल्यावर ती गोड राहील कशी?

भाऊजींचं नाव शशिकांत. बिजली बोर्डात होते. लाइन बंद झाली की नाही याची स्वतः खात्री केल्याशिवाय त्यांनी कधी कोणाला खांबावर चढू दिलं नाही, आणि त्यांच्या हाताखाली एकही माणूस दगावला नाही. निवृत्तीच्या समारंभात सगळ्यांनी तेवढं एकच बोलून दाखवलं होतं, आणि भाऊजींना तेवढंच पुरेसं वाटलं होतं. असा हा सावध माणूस. त्याच्या हृदयाच्या नळ्या बंद होत आल्या तेव्हाही त्याने ते वेळेवर ओळखलं, वेळेवर इस्पितळ गाठलं. ऑपरेशन नर्मदा जयंतीच्या दिवशी झालं आणि उत्तम झालं.

मग भेटायला येणारे सुरू झाले. आमच्या इकडे आजाऱ्याला भेटायला जाणं म्हणजे लग्नाला जाण्यासारखंच, नाही गेलं तर माणसं लक्षात ठेवतात. जो येई तो खुर्चीत टेकता टेकता म्हणे, "देव तारी त्याला कोण मारी." हे ऐकलं की भाऊजी उठून आत निघून जात. छातीचं हाड अजून जुळायचं होतं, खोकला आला तर उशी कवटाळावी लागायची, तरी उठत. मी दोन-चार पाहुण्यांना दारातच सांगून टाकलं की बाप्पा, देवाचं सोडून काय बोलायचं ते बोला. त्यांना राग आला. येवो.

दुसरी एक गोष्ट माझ्या हळूहळू लक्षात आली. भाऊजींना नजरेआड कोणी काही खात असलं की सहन होत नसे. मी एकदा स्वयंपाकघरात उभ्या उभ्या मुरमुऱ्यांचा चिवडा खात होते. बाहेरून त्यांचा आवाज आला.

"कोण खाऊन राहिलं तिकडं?"

"मी आहे भाऊजी."

"मंग इकडं समोर येऊन खा ना."

मी गेले समोर. ते माझ्या तोंडाकडे बघत बसले. घास गिळला की त्यांचे खांदे खाली येत. अशा नजरेसमोर कोणाच्या घशाखाली घास उतरेल? पण त्या दिवसापासून घरातले आम्ही तिघं बैठकीत, एकमेकांसमोर बसूनच खायला लागलो. चहासुद्धा. ताई म्हणाली, बरंच आहे, आजारपणाने माणसं जवळ येतात. ताई अशीच आहे. तिला कशातही बरंच दिसतं.

पण माणूस वाळत चालला होता. भाऊजी पहाटेपर्यंत जागे राहत आणि दिवसा खुर्चीत बसून राहत, पाठ भिंतीला लावून, तोंड दाराकडे. वर्तमानपत्र हातात असे, पान उलटत नसे. मध्येच नाडी धरून बघत, आणि ती धावत असलेली पाहून जास्तच घाबरत. घाम फुटे, हात गार पडत. आम्ही रिक्षा करून इस्पितळात धावायचो. तिथे ईसीजीची पट्टी काढत, इको करत आणि सांगत, हृदय छान चाललंय, घरी जा. असं कितीदा तरी झालं. पुण्याहून अक्षत, माझा भाचा, फोनवर श्वासाचे व्हिडिओ पाठवायचा. ताई मीठ-मोहऱ्या ओवाळायची. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, असं मी दोघांनाही ऐकवलं. पण म्हैस कुठे बांधलीय ते मलाही ठाऊक नव्हतं.

मग एक दिवस ताईला त्यांच्या उशीच्या अभ्र्यात गोळ्या सापडल्या. रक्त पातळ करणाऱ्या, नाडी आवरणाऱ्या, सगळ्या. घेतल्याचं सांगून ते तिथे लपवत होते.

"काहून जी?" ताईने एवढंच विचारलं. गोळ्या तिच्या ओंजळीत होत्या.

"काय फायदा," भाऊजी म्हणाले आणि दाराकडे बघत राहिले.

तेव्हा मात्र हृदयाच्या डॉक्टरांनी आम्हाला डॉ. प्रणाली देवतळेंकडे पाठवलं. मनाच्या डॉक्टर, नागपूरहून नुकत्याच बदलून आलेल्या, माझ्या विद्यार्थिनीच्या वयाच्या. आपल्या भाषेत बोलणारी डॉक्टर पाहून ताईला रडूच आलं. डॉक्टरांनी तिला रडू दिलं. मग भाऊजींना म्हणाल्या, "काका, तुम्ही बिजली बोर्डात होता ना? घरात चोर शिरला की आपण सगळे दिवे लावतो. तसं भीती वाटली की शरीर आपली द्रव्यं सोडतं. नाडी वाढते, रक्तदाब वाढतो, झोप उडते. कामाचंच आहे ते. पण चोर गेल्यावर दिवे विझायला पाहिजेत. तुमचे महिनोन् महिने जळून राहिलेत. त्याचा ताण हृदयावर येतो. हृदयाच्या आजारात मन खचलं तर ते नुसतं मनाचं दुखणं राहत नाही. तुम्ही असेच राहिलात, गोळ्या सोडल्यात, तर दुसरा झटका यायला वेळ लागणार नाही."

भाऊजींनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"आन् चोर गेलाच नसंन तर?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. "मग कोण आहे ते मला सांगा."

भाऊजींनी एकदा ताईकडे पाहिलं आणि मान खाली घातली. डॉक्टर चांगल्याच हुशार होत्या. त्यांनी ते पाहणं पाहिलं. औषध लिहून दिलं, दर शनिवारी यायला सांगितलं, आणि आम्ही निघताना मला हळूच म्हणाल्या, "काकांना कोणाजवळ तरी बोलू द्या. काकूंसमोर ते बोलणार नाहीत."

ते बोलले दिवाळीच्या आदल्या आठवड्यात. ताई बाजारात गेली होती. दुपारची वेळ. मी धुतलेली मोठी चादर व्हरांड्यातल्या दोरीवर टाकली आणि भाजलेल्या शेंगा घेऊन तिच्यापलीकडच्या ओट्यावर बसले. विसरले, खरंच विसरले. दोन शेंगा फोडल्या असतील, तोच आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. धावत गेले तर भाऊजी भिंतीला धरून खाली बसले होते. चेहरा पांढराफटक. मला पाहून त्यांनी माझा पदर धरला. आयुष्यात या माणसाने मला हात लावला नव्हता.

"तू होती का? तूच होती ना?"

"मीच होते भाऊजी. शेंगा खात होते."

"मले वाटलं, तोच हाय. इतके दिवस नुसता आवाज यायचा, आज सावलीबी दिसली."

मी त्यांना पाणी दिलं. मला भीती वाटत होती, हे कबूल करते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणायला सोपं असतं. भर दुपारी, उजेडाने भरलेल्या घरात, माझ्याही अंगावर काटा आला होता. मी विचारलं, "तो म्हणजे कोण?"

"नथ्थू."

मला आठवायला वेळ लागला. इस्पितळात भाऊजींच्या शेजारच्या खाटेवर जबलपूरजवळच्या सिहोऱ्याचा एक माणूस होता. मंडीजवळ दोरखंड आणि बारदान्याचं दुकान होतं त्याचं. हसरा, तोंडाने सतत काहीतरी गुणगुणणारा. दोन खाटांच्या मध्ये हिरवा पडदा होता. त्याचंही बायपासच व्हायचं होतं. भाऊजींचं ऑपरेशन झालं त्याच रात्री तो गेला, ऑपरेशन न होताच. ताई तेव्हा खूप हळहळली होती. बिचाऱ्याचा नंबरच नाही लागला, म्हणाली होती.

"नंबर लागला होता," भाऊजी म्हणाले. "पयला नंबर त्याचाच होता. माझा दुसरा."

मग त्यांनी सांगितलं. सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते, समोरच्या उघड्या खिडकीकडे बघत होते.

त्या दिवशी नर्मदा जयंती. ताई पहाटेच नर्मदेच्या ग्वारीघाटावर जाऊन आली होती, नवऱ्याचं ऑपरेशन म्हणून मैयाला साकडं घालायला. येताना पळसाच्या द्रोणातून शिऱ्याचा प्रसाद आणला होता. भाऊजींना रात्रीपासून काही खायचं-प्यायचं नव्हतं. ताई म्हणाली, घासभर घ्या, प्रसाद खाण्यात धरत नाहीत. खरंच आहे, आमच्याकडे निर्जळी एकादशीच्या दिवशीसुद्धा प्रसादाला कोणी नाही म्हणत नाही. उपास मोडतो तो अन्नाने, प्रसादाने नाही. भाऊजी म्हणाले, नुसता माथ्याला लाव, नंतर खाईन. तिने द्रोण त्यांच्या कपाळाला लावला. आणि मग, हातात काही असलं की दुसऱ्याला दिल्याशिवाय न राहणारी माझी बहीण, पडद्यापलीकडे गेली.

"'लो भैया, मैया का परसाद,' असं म्हटलं तिनं. मी ऐकलं. नर्मदेच्या प्रसादाले नाही म्हणणारा माणूस या गावात हाय का? तो खाऊन राहिला, मी ऐकून राहिलो. द्रोण चाटला त्यानं, बोटं चाटली. मले माहीत होतं, कुंदा. त्याचंबी पोट रिकामं पाहिजे, हे मले माहीत होतं. मी स्वतः नाही खाल्लं ना. एक शब्द बोलायचा होता फक्त."

"तुम्हाला सुचलं नसेल भाऊजी. ऑपरेशनच्या आधी कोणाचं डोकं ठिकाणावर असतं?"

"सुचलं होतं. वाटलं, घासभरानं काय होते. ताई तुझी खाली कागदांच्या कामाले गेली, तवा नर्स आली. काही खाल्लं का, विचारलं. त्यानं सांगून टाकलं, परसाद खाया है. खोटं कसं बोलणार? लई ओरडली नर्स त्याच्यावर. त्याचं ऑपरेशन उद्यावर टाकलं, आन् मले म्हणाली, चलो अंकल, अब आपका पहला नंबर." ते थांबले. "मले बरं वाटलं, कुंदा. पयला नंबर म्हणजे डॉक्टर ताजातवाना असते. मले आनंद झाला. स्ट्रेचरवर जाता जाता मी त्याच्याकडं पाहिलंबी नाही."

ज्या माणसाने कधी कोणाला चालू लाइनवर चढू दिलं नाही, त्याच्या छातीवर हे ओझं किती मोठं असेल, ते मला कळलं. आणि मला राग आला. कोणाचा, ते नक्की सांगता येणार नाही. त्या नथ्थूचा, नर्सचा, नर्मदामैयाचा, भाऊजींचा. ताईचासुद्धा, क्षणभर.

"हे डॉक्टरांना सांगा," मी म्हटलं. "आणि ताईला सांगा. तिला तुम्ही काय समजता?"

"नाही." भाऊजी पहिल्यांदा माझ्याकडे वळले. "तिले नाही. तिच्या हातून एक माणूस गेला, हे मी तिले सांगू? तिनं जलमभर लोकाईच्या हातावर घास ठेवला. ती दुसऱ्या दिवशी उभी नाही राहणार. माझी शपथ हाय तुले. तिले कळलं तर मी मेलो समज."

मी शपथ घेतली. दुसरं काय करणार होते?

डॉ. प्रणालींना मात्र त्यांनी पुढच्या शनिवारी सांगितलं, ताईला बाहेर बसवून, माझ्यादेखत. डॉक्टरांनी उगाच समजूत घातली नाही. हृदयाच्या डॉक्टरांना फोन करून नथ्थूचं विचारलं आणि म्हणाल्या, नथ्थूजींची नस ज्या जागी बंद होती, त्यांना झटका टेबलावरही येऊ शकला असता, ऑपरेशन झाल्यावरही. कोणी सांगू शकत नाही. "पण काका, हे तुम्हाला सांगून उपयोग नाही, कारण तुम्हाला हिशोब नकोय. तुम्हाला माफी मागायची आहे. ज्यांच्याजवळ मागायची, ते लोक सिहोऱ्यात आहेत."

ही कल्पना मला फार पटली. बसने जाऊन बसने यायचं. मी बेत आखला. भाऊजी आणि मी जाणार, ताईला सांगायचं की बोर्डातले एक जुने सहकारी आजारी आहेत. पण भाऊजींना रचून खोटं बोलायचा सराव नाही. ताईने विचारलं कुठे निघालात, तर यांनी सरळ सांगून टाकलं, सिहोऱ्याला, नथ्थूच्या घरी.

"मंग मीबी येते," ताई म्हणाली. "त्या बाईले भेटायचं राहूनच गेलं माझं. रिकाम्या हातानं नाही जायचं हं, साडी-चोळी घेऊ तिच्यासाठी."

नको म्हणायला कारण काय सांगणार? मी भाऊजींना बाजूला घेऊन म्हटलं, तुम्ही घरच्या लोकांशी बोला, ताईला मी गुंतवून ठेवते. मी गणिताची बाई. मला वाटलं, सगळं मांडून झालंय.

सिहोऱ्याचं ते घर मंडीच्या मागच्या गल्लीत होतं. ओसरीवर नथ्थूचा फोटो, हार घातलेला. फोटोतही तो हसत होता. भाऊजी फोटोसमोर हात जोडून उभे राहिले. नथ्थूचा मोठा भाऊ भाऊराव घरात होता. त्याने त्यांना बाजेवर बसवलं. मी ताईचा हात धरायला वळले, तर तिचा हात आधीच दुसऱ्या कोणी धरला होता.

नथ्थूची बायको जया. पन्नाशीची असेल. ताईला पाहताच तिने ओळखलं, तिचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि "दीदी, आप आईं" म्हणत तिला थेट आत चुलीपाशी घेऊन गेली. मी मागोमाग धावले. मी काहीतरी बोलत राहिले, सिहोऱ्याच्या बसबद्दल, थंडीबद्दल, काहीही. जयाने माझ्याकडे लक्षच दिलं नाही. ताईचे हात तिने सोडले नव्हते.

"यही हाथ हैं," ती म्हणाली. "सबको बताती हूँ मैं. जिस दिन वो गए, उस दिन सुबह मैया ने खुद इन दीदी को भेजा. नर्स ने बहुत डाँटा था उनको. बोली, पेट में खाना है, अब ऑपरेशन नहीं होगा. हम तो रोने लगे थे, दीदी. पर अब सोचते हैं, अच्छा ही हुआ. बिना चीर-फाड़ के गए. पूरे शरीर से गए, मुँह में मैया का परसाद लेके गए. ऐसी मौत किसको मिलती है?"

त्या बाईच्या डोळ्यांत खरंच आनंद होता. इतक्या महिन्यांत तिने एवढ्या एकाच गोष्टीवर स्वतःला तोलून धरलं होतं. तिचं तोंड दाबावं असं मला वाटलं, आणि तिचे पाय धरावे असंही वाटलं.

ताईने आपल्या त्या हातांकडे पाहिलं. मग तिने अगदी शांतपणे विचारलं, "ऑपरेशन उनका पहले होने वाला था?"

"हाँ दीदी. पहला नंबर उन्हीं का था. फिर आपके साहब को ले गए."

"अच्छा," ताई म्हणाली.

बस, एवढंच. मी तिचा चेहरा पाहिला. उन्हात ठेवलेल्या तव्यासारखा कोरडा. मग ती जयाशी हसली, साडी तिच्या मांडीवर ठेवली, कुंकवाचं बोट तिच्या कपाळाकडे नेता नेता थांबली आणि तोच हात तिच्या डोक्यावर ठेवला. जयाने पुऱ्या तळल्या. ताईने वाढलेलं सगळं खाल्लं, एक घास मागे ठेवला नाही.

बाहेर भाऊजींचं बोलून झालं होतं. नंतर त्यांनी मला सांगितलं, त्यांनी भाऊरावला म्हटलं, कोणीतरी प्रसाद देत होतं आणि मला ठाऊक असून मी अडवलं नाही, मला माफ करा. ताईचं नाव घेतलं नाही. भाऊरावने त्यांचे जोडलेले हात खाली केले आणि म्हणाला, "साहब, मैं तो उसका सगा भाई हूँ, बगल में बैठा था. मैंने भी कहाँ रोका?" मग दोघं रडले. आम्ही ओसरीवर आलो तेव्हा भाऊजींचे डोळे सुजलेले होते, पण चेहऱ्यावर रंग आला होता. नर्मदा जयंतीनंतर पहिल्यांदाच.

परतीच्या बसमध्ये त्यांना झोप लागली. ताईच्या खांद्यावर डोकं टाकून, तोंड उघडं ठेवून, लहान मुलासारखी. मी पलीकडच्या सीटवर होते. पनागर येईपर्यंत ताई खिडकीबाहेर बघत होती. मग तोंड न वळवता म्हणाली, "कुंदे, तुले माहीत होतं?"

"हाव."

"आन् यायले?" तिने हनुवटीने खांद्यावरचं डोकं दाखवलं.

"त्या दिवसापासून, ताई."

तिने डोळे मिटले. उघडले तेव्हा ते कोरडेच होते. "म्हणून पडदे," ती म्हणाली. "म्हणून समोर बसून खा." मग, खांदा न हलवता, "मले समजलं हे यायले सांगू नको. आत्ता कुठं डोळा लागला. तुले माझी शपथ हाय."

एकाच गोष्टीच्या दोन शपथा, दोन्ही बाजूंनी. असं गणित मी कधी कोणाला घातलं नव्हतं.

भाऊजी सुधारले. वेळेवर गोळ्या घ्यायला लागले, सकाळी फिरायला जाऊ लागले, रात्री घोरू लागले. डॉक्टरांनी झोपेचं औषध कमी करत आणलं. एका रविवारी ते स्वतःच म्हणाले की खिडक्या बोडक्या दिसतात, आणि स्टुलावर चढून त्यांनी पडदे लावले. ताईने खालून एकेक कडी हातात दिली. मी तिच्याकडे बघत होते. शेवटचा पडदा लागला तेव्हा ती वळून चटकन अंगणात गेली.

थंडी सरता सरता ताईला धडधड सुरू झाली. आधी ती सांगत नव्हती. मग एकदा पोळ्या लाटता लाटता खाली बसली. हात गार, कपाळावर घाम. रिक्षा केली, इस्पितळात नेलं. पट्टी काढली, इको केला. हृदय छान चाललंय, म्हणाले. दुसऱ्या खेपेलाही तेच. तिसऱ्या खेपेला भाऊजी स्वतःच म्हणाले, आता इथं नको, डॉ. प्रणालींकडे चला. त्यांना आता या दुखण्यातलं सगळं ठाऊक झालं होतं ना. अनुभवी माणूस.

डॉक्टरांसमोर ते मोठ्या उत्साहाने बोलले. दिवे जळत राहतात, ते चोराचं उदाहरण त्यांनीच ताईला पुन्हा समजावून सांगितलं. ताई मान डोलावत होती. ती बरीच उतरली होती, बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. डॉक्टर तिच्याकडे बघत होत्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या हुशार आहेत हे मी आधीच सांगितलंय. मी नजर खाली केली.

"काकू," डॉक्टर म्हणाल्या, "मनात काही आहे का? कशाची भीती वाटते?"

भाऊजींनी खुर्ची जवळ ओढली आणि तिचा हात हातात घेतला. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी चारचौघांत तिचा हात धरलेला मी पाहिला नव्हता.

"बोल ना," ते म्हणाले. "मी बोललो तवा बरा झालो, पाह्यलं ना तू? मनात ठेवायचं नाही काही. आन् तुले कायची भीती, कुमुद? तुझ्या हातून आजपर्यंत कोणाचं वाईट झालं नाही."

हे बोलताना त्यांची पापणीसुद्धा हलली नाही. तिच्यासाठी त्यांनी हे वाक्य किती दिवस जपून ठेवलं असेल.

ताईने त्यांच्याकडे पाहिलं. ती हसली. दुसऱ्या हाताने तिने टेबलाची कड घट्ट धरलेली होती, ते फक्त मला आणि डॉक्टरांना दिसत होतं.

"हाव ना," ती म्हणाली. "मले कायची भीती."